तंजावरची नाटके आणि कावेरीकाठची गावे

मराठी रंगभूमीचा जन्मदिवस कोणता, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, हा दिवस आपण उत्सवाने पाळतो. परंतु तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी नाटकांची हस्तलिखिते अभ्यासकांच्या दृष्टीस पडल्यापासून ह्या तिथीला आव्हान मिळाले. शहाजी राजाच्या नावावर असलेले 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक सतराव्या शतकाच्या अखेरचे मानले जाते. तेव्हा मराठी नाटकाचे वय सुमारे दीडशे वर्षांनी वाढते. एका पक्षाने हा आकडा अभिमानाने मिरवावा आणि दुसऱ्याने 'पण त्या नाटकांचा महाराष्ट्राशी संबंध काय?' असे विचारून तो बाजूस सारावा, असे बरीच वर्षे चालले आहे.

दोन्ही पक्ष संहितेचे वय मोजतात. मला जे विचारावेसे वाटते ते निराळे आहे. ही नाटके कोणासमोर झाली? कोणत्या निमित्ताने झाली? आणि ती ज्या प्रदेशात झाली, त्याच प्रदेशात त्यांची सख्खी भावंडे म्हणावी अशी दुसरी नाटके खेड्यांतून आजवर टिकून राहिली असता, ही मात्र पोथीत का गेली? ह्या प्रश्नांचे उत्तर ग्रंथालयात बसून मिळणार नाही. त्यासाठी तंजावरच्या कोटातून बाहेर पडून कावेरीच्या फाट्यांमधून वसलेल्या भातशेतीच्या गावांत जावे लागते.

हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला तो 1675-76 च्या सुमारास. त्यापूर्वी तेथे तेलुगुभाषी नायकांचे राज्य होते. त्यांतील विजयराघव नायक (राज्यकाल 1633 ते 1673) स्वतः यक्षगाने रचणारा. म्हणजे व्यंकोजी राजे तंजावरच्या गादीवर बसले तेव्हा राजाने नाटक लिहावे, ते दरबारात व्हावे आणि त्याची भाषा तेलुगू असावी, हा तेथला रिवाज होता. भोसल्यांनी हा रिवाज मोडला नाही. तो त्यांनी अंगीकारला, आणि त्यात आपली भाषा मिसळली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (1684 ते 1712) ह्यांच्या काळी ह्या रचनेला जो बहर आला तो थक्क करणारा आहे. त्यांच्या नावावर तेलुगू यक्षगानेच वीसच्या आसपास सांगितली जातात. मराठी नाटके निराळी. एवढी सारी राजाच्याच हातची असतील काय, दरबारच्या कवींचा त्यांत वाटा किती, ही शंका घेण्यास जागा आहे. परंतु नव्या नाटकाची मागणी सतत होती, हे तर त्यावरून उघडच दिसते. ह्याच राजाने 1693 साली तिरुविशनल्लूर हे गाव शेहेचाळीस विद्वानांना इनाम दिले आणि त्याला शहाजिराजपुरम् असे नाव पडले. दरबारात नाटके आणि गावांत पंडित, अशी ही दुहेरी पेरणी होती.

ह्या नाटकांचा घाट समजून घेतला पाहिजे. ग्रंथरूपाने पाहता ती लहानच आहेत. सूत्रधार येतो, विघ्नेश्वराचे स्तवन होते, मग वर्दी देणारा येतो. तमिळमध्ये त्याला कट्टियक्कारन म्हणतात. चोपदार आणि विदूषक ह्या दोघांचे काम तो एकटाच करतो. त्यानंतर प्रत्येक प्रमुख पात्र आपल्या प्रवेशाचे गीत घेऊन येते. ह्या गीताला 'दरू' म्हणतात. त्यावर राग आणि ताल लिहिलेला असतो आणि तो कर्नाटक संगीतातला असतो. मधूनमधून गद्य. शेवटी विवाह किंवा देवदर्शन, आणि मंगल. आपल्याकडील वाचकाला पहिली ठेच शीर्षकालाच लागते. 'लक्ष्मीनारायण कल्याण' म्हणजे लक्ष्मीनारायणाचे भले नव्हे. तमिळ आणि तेलुगू मुलखात 'कल्याण' म्हणजे लग्न. देशावरच्या मराठीत हा अर्थ रूढ नाही. एका शब्दावरून लक्षात येते की, ही मराठी ज्या श्रोत्यांसाठी लिहिली जात होती ते श्रोते रोज तमिळ बोलत होते, तेलुगू गाणे ऐकत होते आणि घरी मराठी वापरीत होते. ती मराठी बिघडलेली नाही, ती त्या ठिकाणची आहे.

शहाजीच्या नाटकांपैकी तीन ह्या दृष्टीने विशेष महत्त्वाची वाटतात, आणि गंमत अशी की त्यांतील एकही निव्वळ मराठी नाही. पहिले 'पंचभाषाविलास'. निरनिराळ्या देशांच्या चार राजकन्या श्रीकृष्णावर अनुरक्त होतात, आणि प्रत्येकीने आपापल्या भाषेत बोलावे, म्हणजे द्रविड देशीच्या राजकन्येने तमिळ, आंध्रातल्या राजकन्येने तेलुगू, महाराष्ट्रातल्या राजकन्येने मराठी, उत्तरेकडच्या राजकन्येने हिंदी, अशी योजना. पाचवी भाषा संस्कृत. ह्याला कोणी चमत्कृती म्हणेल. मला ते तंजावरच्या बाजारपेठेचे चित्र वाटते. चारही भाषा कळणारा प्रेक्षक समोर असल्याखेरीज असे नाटक लिहिण्यात अर्थ नव्हता.

दुसरे 'पल्लकी सेवा प्रबंध'. शहाजी हा तिरुवारूरच्या त्यागेशाचा निस्सीम भक्त. देवाला पालखीत बसवून मिरवण्याचा जो विधी, त्याचेच हे तेलुगू संगीत-नाट्य. विष्णूच्या पालखीचे एक आणि शंकराच्या पालखीचे एक, असे त्याचे दोन प्रबंध आहेत. त्यांतील शंकराचा प्रबंध तिरुवारूरच्या देवळात देवदासी पुढे दीर्घकाळ सादर करीत. म्हणजे राजाचे नाटक दरबारातून निघून एका गावच्या देवळात शिरले, तेथल्या पंचांगाला बांधले गेले आणि म्हणूनच जगले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

तिसरे 'सतीदानशूर', तेही तेलुगूत. मन्नारगुडीच्या राजगोपालस्वामींच्या उत्सवाला लोक लोटले आहेत. त्या गर्दीत मोरोभट नावाचा एक ब्राह्मण पंडित अस्पृश्य मानलेल्या जातीच्या एका विवाहितेवर भाळतो. शिष्य त्याला शास्त्राची आठवण करून देतो, गुरुजी शास्त्रानेच त्याला उत्तर देतात. अखेरीस तो तिच्या पतीकडे तिचेच दान मागतो, पती देण्यास सिद्ध होतो, आणि शंकर प्रकट होऊन सर्वांची सुटका करतो. स्त्रीचे दान ही कल्पना आज आपणांस रुचणार नाही, आणि रुचूही नये. परंतु एका मराठा राजाने आपल्याच आश्रयाला येणाऱ्या वर्गातील एका मराठी नावाच्या भटाला नायक करावे, त्याची अशी फजिती उडवावी आणि दातृत्वाचा मान समाजाने ज्याला दूर ठेवले त्या नवऱ्याला द्यावा, हे धाडस लहान नाही. त्याहून लक्षणीय म्हणजे नाटकाचे स्थळ. पुराणातले वैकुंठ नव्हे, इंद्राची सभा नव्हे. कावेरीकाठच्या एका गावची जत्रा. ज्या उत्सवाला प्रेक्षक स्वतः जाऊन आला आहे, तोच उत्सव त्याला रंगभूमीवर दिसतो. मराठी नाटकात असे समकालीन, नाव घेऊन सांगता येईल असे गाव येण्यास त्यानंतर फार काळ जावा लागला.

शहाजीनंतरच्या राजांची नावे येथे भराभर घेतली तरी चालतील. प्रतापसिंहाने (1739 ते 1763) मराठीत पुष्कळ नाटके रचली. बहुतेक कल्याणे आणि परिणय ह्याच जातीची. त्यांत कारागिरी आहे, परंतु मोरोभटासारखा माणूस नाही. पुढे 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजीच्या हाती तंजावरचा कोट आणि आसपासचा भाग तेवढा उरला. ह्या राजाची ग्रंथप्रीती, वैद्यक, छापखाना हे सर्व प्रसिद्धच आहे. त्याने मराठीत लिहिलेली 'देवेंद्र कुरवंजी' ही मात्र आपल्या नाट्येतिहासात जेवढी चर्चिली जावी तेवढी जात नाही. कुरवंजी हा तमिळचा लोकप्रिय नाट्यप्रकार. विरहिणी नायिका, आणि डोंगरातून आलेली, हात पाहून भविष्य सांगणारी कुरत्ती. कुरत्ती आपल्या डोंगरांचे, नद्यांचे, देशाचे वर्णन करते हा त्यातला ठरलेला भाग. सरफोजीने ह्या ठरलेल्या भागात नवा भूगोल घातला. त्याची कुरत्ती पृथ्वीवरचे खंड आणि देश सांगते, ग्रहमालेची नवी व्यवस्था सांगते. चौकट जुनी, पात्र जुने, श्रोत्याची अपेक्षाही जुनीच. बदलले ते फक्त कुरत्तीच्या तोंडचे बोलणे. नवे नाटक लिहिण्याची तंजावरी रीत कोणती, ह्याचे ह्याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ह्याच राजावर कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' लिहिली आणि ती बृहदीश्वराच्या देवळात उत्सवप्रसंगी होत असे. येथेही तेच: राजाची मराठी कुरवंजी पोथीत राहिली, राजावरची तमिळ कुरवंजी देवळाच्या पंचांगात शिरली आणि विसाव्या शतकापर्यंत चालली.

आता गावांकडे वळू. मेलट्टूर, सालियमंगलम्, ऊत्तुक्काडु, नल्लूर, शूलमंगलम्, तेपेरुमाळ्नल्लूर ही सहा नावे भागवत मेळ्याची गावे म्हणून सांगतात. 'मेळा' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवातील मेळे उभे राहतात. त्यांच्याशी ह्याचा संबंध नाही. भागवत म्हणजे हरिकथा सांगणारे, नाचणारे, गाणारे ब्राह्मण; त्यांचा समूह तो मेळा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अच्युतप्प नायकाने पाचशेदहा ब्राह्मण कुटुंबांना घर, जमीन आणि विहीर देऊन मेलट्टूर वसवले, अशी परंपरा आहे. ही कुटुंबे तेलुगू विद्येत वाढलेली होती आणि त्यांची नाटके तेलुगूतच राहिली. गाव तमिळ, राजा मराठा, नाटक तेलुगू. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी नांदल्या आणि कोणास त्यात विसंगती वाटली नाही.

प्रयोग वैशाखात, नृसिंह जयंतीच्या निमित्ताने होतात. जागा म्हणजे वरदराज पेरुमाळांच्या देवळासमोरचा अग्रहाराचा रस्ता. पडद्याऐवजी दोघांनी धरलेले वस्त्र, आणि समोर देवळाचे दार उघडे. कारण मुख्य प्रेक्षक आतला देव. रात्री उशिरा प्रथम कोणंगी येतो: उंच टोपी, वेडेवाकडे नाचणे, लोकांना गप्प बसवणे. मग तोडयमंगलम्. मग गणपतीचा मुखवटा घातलेला एक लहान मुलगा. त्याच्या पूजेनंतर कथेला सुरुवात. प्रत्येक पात्र पडद्यामागून आपल्या प्रवेश-दरूवर नाचत येते. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि कोणाच्या घरात कोणती भूमिका चालत आली हे गाव जाणते. लीलावती साठीच्या घरातला मनुष्य करीत असला तरी कोणी नाक मुरडीत नाही. उलट त्याच्या अभिनयासाठी जुने लोक मुद्दाम जागे राहतात. हे लोक नट म्हणून पोट भरीत नाहीत. वर्षभर कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी शेती पाहणारा. जयंतीला ते गावी परततात.

'प्रह्लादचरित्र' हे ह्या मेळ्याचे मुख्य नाटक. हिरण्यकशिपू आणि लीलावती ह्यांच्यामध्ये प्रह्लाद. आईची ओढाताण हाच ह्या नाटकाचा गाभा आहे, पित्याचा क्रोध नव्हे. पहाट होता होता खांब फुटतो. नृसिंहाचा मुखवटा एरवी देवळात असतो आणि त्याची पूजा होते. तो ज्याने घालावयाचा त्याने उपवास केलेला असतो. मुखवटा चढला की त्याच्या अंगात येते, आणि हिरण्यकशिपू झालेल्या माणसाला खरोखरच इजा होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी लोक त्याला आवरून धरतात. येथे नाटक कोठे संपले आणि पूजा कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. सालियमंगलमातही हेच नाटक, तेथील स्वतःच्या संहितेने होते. तेथले लोक आपली परंपरा सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेतात.

मेलट्टूरची नाटके लिहिली ती गावच्याच वेंकटराम शास्त्र्यांनी. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्याचा आरंभ हा त्यांचा काळ. 'प्रह्लादचरित्र', 'उषापरिणय', 'हरिश्चंद्र', 'मार्कंडेयचरित्र', 'रुक्मांगदचरित्र', 'सीताकल्याण', 'कंसवध' अशी त्यांची दहा-बारा नाटके सांगतात. कथा सर्व पुराणांतल्या, ऐकलेल्या. मग त्यांत नवे काय? नवे हे की, शास्त्री ज्या रस्त्यावर नाटक होणार त्याच रस्त्यावर राहत होते. कोणाचा आवाज वरच्या पट्टीत चढतो, कोण शब्दाचा अर्थ डोळ्यांनी सांगू शकतो, कोणाच्या घरी नाचाची तालीम आहे, हे त्यांना ठाऊक असणार. हरिश्चंद्राची कथा सर्वांस ठाऊक असली तरी चंद्रमतीचा आक्रोश कोणत्या रागात आणि किती वेळ चालावा, हे दर गावी नव्याने ठरवावे लागते. पूर्वी ह्याच गावी प्रतापसिंहाच्या काळात वीरभद्रय्यांसारखे संगीतकार होऊन गेले होते, म्हणून पदांची घडण तयार होती. शास्त्र्यांनी त्या घडणीला गावातल्या माणसांची मापे दिली.

त्याच सुमारास काही कोसांवर तिरुवैयारूस त्यागराज (1767 ते 1847) राहत होते. राजाच्या दरबारी गायला न गेलेला हा पुरुष. परंतु त्यांनीही नाटके लिहिली. 'प्रह्लाद भक्ति विजय' मोठे आहे. 'नौकाचरित्र' मात्र छोटे, आणि त्याची कथा भागवतात नाही: गोपी यमुनेत नावेतून निघतात, कृष्णाला नावेत घेतात, गर्वाने फुलतात, नावेला भोक पडते, आणि ते बुजवण्यासाठी त्यांना आपली वस्त्रे द्यावी लागतात. एवढीच गोष्ट. नदीकाठच्या माणसाला नाव, पूर आणि पाणी शिरणे हे समजावून सांगावे लागत नाही. एका बैठकीत संपणारे, घरातल्या शिष्यांनी गावे असे हे नाटक कोणत्याही दरबाराच्या आश्रयावाचून झाले.

मग मूळ प्रश्नाकडे परत येऊ. 1855 साली दुसरा शिवाजी पुत्रावाचून वारला, कंपनीने तंजावरची राजपदवी खालसा केली, आणि दरबाराबरोबर दरबाराचे प्रेक्षागृहही गेले. मराठी नाटकांना त्यानंतर कोणी वाली उरला नाही, असे सामान्यतः सांगतात. हे खरे आहे, पण अपुरे आहे. दरबार असतानाही ही नाटके मुख्यतः नवी होती म्हणूनच होत होती. एका राजाने रचावे, पुढच्याने आपले निराळे रचावे. आजोबांचे नाटक नातवाने दरवर्षी करावे असे बंधन कोणावर नव्हते. नव्याची हौस होती तोवर निर्मिती विपुल झाली, हौस सरली तशी ती थांबली. उलट मेलट्टूरला नव्याची हौस नव्हतीच. तेथे वैशाख शुद्ध चतुर्दशी येत होती, आणि ती आली की रस्त्यावर प्रह्लाद उभा करावा लागत होता. मराठीला तंजावरात राजवाडा होता, सरदारांचे वाडे होते, रामदासी मठ होते. परंतु विशिष्ट तिथीला विशिष्ट नाटक करण्यास बांधलेले असे एक गाव तिला नव्हते. शहाजीचे जे तेलुगू प्रबंध तिरुवारूरच्या देवळाला चिकटले ते राहिले, ही गोष्ट मी वर ध्यानात ठेवावयास सांगितली होती ती ह्यासाठीच.

ह्याचा अर्थ गावचे ते सर्व चांगले आणि दरबारचे ते सर्व पोकळ, असा मात्र मी करणार नाही. टिकण्यासाठी मेलट्टूरने किंमत दिली आहे. वेंकटराम शास्त्र्यांनंतर त्या रस्त्यासाठी त्यांच्या तोडीची नवी नाटके लिहिणारा निघाला नाही. मुखवट्याची पूजा होऊ लागली की संहितेचीही पूजा होऊ लागते, आणि पूज्य वस्तूत कोणी शब्द घालीत नाही. शिवाय नाटक अग्रहारातल्या पुरुषांचे; रस्त्याच्या पलीकडे ज्यांच्या श्रमावर ते गाव जेवत होते त्या शेतमजुरांना त्यात पात्र म्हणूनही जागा नाही. ह्या बाबतीत 'सतीदानशूर' लिहिणारा राजा अग्रहाराच्या पुष्कळ पुढे होता.

ती जागा ह्या प्रदेशात मिळाली, पण नाटकात नव्हे, कथाकीर्तनात. गोपालकृष्ण भारती (1810 ते 1896) ह्यांचे तमिळ 'नंदनार चरित्र' 1860 नंतरच्या पहिल्या वर्षांत कारैकाल येथे छापले गेले. चिदंबरच्या नटराजाच्या दर्शनाची आस लागलेला अस्पृश्य नंदनार हा जुन्या 'पेरियपुराणा'तला संत; परंतु त्याला मालकाच्या शेतावर राबणारा गडी करून, रजा नाकारणारा ब्राह्मण जमीनदार त्याच्यासमोर उभा केला तो भारतींनी. पुराणात हा जमीनदार नाही. कावेरीकाठच्या श्रोत्याला मात्र तो शेजारच्या घरात दिसत होता. एक पात्र वाढवले आणि सातशे वर्षांची कथा त्या वर्षीची झाली.

आणि ह्याच कथाकीर्तनाच्या वाटेने मराठी अखेर गावांत पोचली. तंजावरात मराठी कीर्तनकार पूर्वीपासून येत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबोवा मोरगावकर तेथे आले आणि त्यांच्या कीर्तनाने लोक वेडे झाले. 1903 साली निवर्तलेले तंजावर कृष्ण भागवतर ह्यांनी ती पद्धत उचलली, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद तमिळ हरिकथेचे अवयव झाले. मराठी न येणारे भागवतर प्रत्येक आख्यानासाठी मराठी पद्यांची 'निरूपणे' तमिळ किंवा ग्रंथ लिपीत उतरून घेत आणि पाठ करीत. सर्व पात्रे एकाच माणसाने वठवावयाची, मागे झांज आणि मृदंग, समोर गाव; हेही एक छोटे नाटकच होय. त्याला रंगपट लागत नाही, बारा नट जमवावे लागत नाहीत, आणि कीर्तनकार त्यात आजच्या बाजारातला दाखला बिनदिक्कत घालू शकतो. राजांच्या मराठी नाटकांना जे साधले नाही ते एका बोवांच्या कीर्तनाला साधले, हे नाट्येतिहासकारांना कदाचित आवडणार नाही. मला तरी ते तसेच दिसते.

सांगलीकडे पाहिले म्हणजे हे अधिक उघड होते. 1842 साली उत्तर कानड्यातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले आणि चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून भाव्यांनी तसे नाटक मराठीत उभे केले. गाणारा सूत्रधार, गणपती, सरस्वती, विदूषक, मग आख्यान. मेलट्टूरच्या माणसाला हा क्रम परका वाटला नसता. परंतु भाव्यांना दहा वर्षांतच संस्थानचा आश्रय सोडून बाहेर पडावे लागले, आणि 1853 साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. तेथून मराठी नाटकाला पंचांगाऐवजी जाहिरात मिळाली, आणि दर हंगामाला नवे नाटक आणणे ही त्याची गरज झाली. पंचांग आणि नवेपणा ही दोन्ही ज्याने सांभाळली असा एक प्रकार आपल्याकडे आहे: दक्षिण कोकणातला दशावतार. गावोगावच्या जत्रेची रात्र ठरलेली, गणपती आणि संकासूर ठरलेले. पण आख्यानाचे संवाद लिहिलेले नसल्यामुळे नट ते उभ्या उभ्या रचतात, आणि नवी आख्याने तेथे आजही होतात. मेलट्टूरजवळ वेंकटराम शास्त्र्यांची अमोल पदे आहेत. दशावतारी नटाजवळ तशी पदे नाहीत, मोकळीक आहे. कोणी काय मिळवले आणि काय गमावले, ह्याचा हिशेब सोपा नाही.

मेलट्टूरलाही खंड पडलाच. विसाव्या शतकाच्या आरंभी अग्रहार शहराकडे रिकामे होऊ लागले आणि मेळा बंद पडण्याच्या बेतास आला. 1930 नंतरच्या दशकात गावच्याच गणेश अय्यर ह्यांच्या पुढाकाराने तो पुन्हा उभा राहिला, आणि ई. कृष्ण अय्यर ह्यांच्यासारख्यांनी त्याची वार्ता मद्रासच्या रसिकांपर्यंत नेली. मेलट्टूरचे बालू भागवतर ह्यांच्या साहाय्याने रुक्मिणीदेवींनी 1959 साली कलाक्षेत्रात 'उषापरिणय' बसवले. तेथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. गावात मात्र लीलावती अजून पुरुषच होतो, आणि पाहावयास येणारी नातवंडे परगावाहून, कित्येकदा परदेशाहून येतात.

मराठी नाटकांचे नशीब ह्याहून निराळे. सरस्वती महाल 1918 पासून सर्वांस खुला झाला. 1950 साली 'देवेंद्र कुरवंजी' तेथूनच छापून निघाली, आणि पुढे इतर नाटकेही मुद्रित झाली. आपण ती वाचली, त्यांच्या तिथ्या ठरवल्या, त्यांतील तमिळ शब्द वेगळे काढले. परंतु पोथीच्या पानावर दरूच्या माथ्यावर लेखकाने राग लिहून ठेवला आहे, ताल लिहून ठेवला आहे, आणि कोणते पात्र केव्हा आत येते तेही लिहून ठेवले आहे. ते राग तंजावरच्या गल्लीत अजून गायले जातात.